‘सर्टिफिकेट अनट्रस्टेड’ आलं की ‘ओके’ दाबून मोकळं व्हायचं का?

अंबड तालुका : आंबिया बहाराच्या मोसंबीची तोडणी ऐन भरात होती. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा मी एक सभासद. भाव किती, गाडी कधी येणार, कुणाच्या मालाचं वजन किती भरलं, पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, हे सगळं कंपनीच्या चॅट प्रोग्राममध्ये चालतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर व्यापाऱ्यांची माणसं घुसतात आणि आतला भाव बाहेर जातो, म्हणून कंपनीनं वेगळा सर्व्हर घेऊन त्यावर चॅट बसवून घेतलं. विचार चांगला होता.

एके दिवशी सकाळी चॅट उघडलं तर कुणालाच आत जाता येईना. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना. तिचा अर्थ असा, की या सर्व्हरचं सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही, तरी पुढे जायचं का? गाडी दारात उभी, मजूर बसलेले, आणि वजनपावती निघेना. कंपनीनं काम दिलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन केला. त्यानं पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज पाठवला. "सेटिंगमध्ये जा, सगळी सर्टिफिकेटं स्वीकारा यावर टिक करा, ओके दाबा. तरी नाही झालं तर मी एक फाईल पाठवतो, ती फोनमध्ये इन्स्टॉल करा. काही होत नाही."

आम्ही केलं. चॅट चालू झालं, गाडी गेली. मी तर बातमीदार माणूस, पण मीही तो व्हॉइस मेसेज पुढे चार ग्रुपवर पाठवला. "अडलं असेल तर असं करा भाऊ," असं लिहून.

अकरा दिवसांनी कळलं की सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि नूतनीकरण करायचं राहून गेलं होतं. ते झालं. सूचना यायची थांबली. पण ती टिक काढा, ती फाईल डिलीट करा, असं सांगायला कुणी आलं नाही. महिनाभरानं पारावर बसलेलो असताना एका पोरानं फोन दाखवला. "काका, हे काय सारखं येतंय? नेटवर्क मे बी मॉनिटर्ड?" म्हणजे तुमच्या नेटवर्कवर कुणी नजर ठेवून असू शकतं. तिथं बसलेल्या सात जणांचे फोन बघितले. सहा फोनमध्ये ती फाईल तशीच होती. त्यातला एक फोन माझा.

नुकसान कुणाचं झालं नाही. पण एका दिवसाच्या अडचणीपायी आम्ही कडी काढून ठेवली आणि महिनाभर दार उघडं टाकून झोपलो, हे तेव्हा लक्षात आलं. अशी सूचना आता आपल्या तालुक्यांत जास्त वेळा येणार आहे. का, ते पुढे सांगतो. म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

सर्टिफिकेट म्हणजे काय?

सोपं सांगायचं तर तो एक दाखला आहे. आपला फोन सर्व्हरला विचारतो, तू खरंच आमच्या कंपनीचा सर्व्हर कशावरून? सर्व्हर दाखला पुढे करतो. त्यावर चार गोष्टी असतात : नाव, मुदत, देणाऱ्याची सही आणि सर्व्हरच्या कुलपाची ओळख. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा असेल तरच कॉलेज घेतं, शेजाऱ्यानं लिहून दिलेला घेत नाही. तसंच फोनमध्ये आणि ब्राऊझरमध्ये एक यादी आधीच भरलेली असते, की अमुक अमुक संस्थांची सही असेल तरच दाखला खरा मानायचा.

दाखला पटला की फोन आणि सर्व्हर आपसात कुलूपबंद बोलायला लागतात. मधल्या वायफायवाल्याला किंवा नेट पुरवणाऱ्याला त्यातलं काही वाचता येत नाही. दाखला पटला नाही तर फोन थांबतो आणि विचारतो. ती सूचना म्हणजे बिघाड नव्हे. राखणदारानं अनोळखी माणूस अडवावा, तसं ते आहे.

आता "सगळी सर्टिफिकेटं स्वीकारा" याचा अर्थ काय होतो बघा. राखणदाराला सांगायचं की आजपासून येईल त्याला आत सोड, नाव विचारू नको. कुलूप तर लागतंच, पण कुणाशी बोलताना लागलं हे कुणी बघत नाही. कुलूप चोराच्याच घरचं असलं तर त्याचा उपयोग काय?

जर्मनीत काय घडलं

असं खरंच होतं का, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. आमच्यासारख्याच एका चॅटची गोष्ट सांगतो.

जॅबर डॉट आरयू नावाची रशियन भाषिकांची जुनी चॅट सेवा आहे. तिचे सर्व्हर जर्मनीत दोन कंपन्यांकडे भाड्यानं ठेवलेले होते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेला जोडून घेताना सूचना आली, सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. सर्व्हर बघितला, तर त्यावरचं सर्टिफिकेट ठणठणीत. मुदत बाकी, सही बरोबर. मग संपलेलं सर्टिफिकेट आलं कुठून?

शोध घेतल्यावर कळलं की सर्व्हर आणि वापरणारे यांच्यामध्ये कुणीतरी बसलेलं होतं. सर्व्हर चालवणाऱ्यांनी कधी मागितलंच नव्हतं असं दुसरं सर्टिफिकेट त्या मधल्यानं काढून घेतलं होतं, तेही ओळखीच्या, मान्यताप्राप्त संस्थेचं. सगळं बोलणं आधी त्याच्याकडे जायचं, तो कुलूप उघडायचा, आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचा. हे किमान तीन महिने चाललं होतं, कदाचित सहा. सेवा चालवणाऱ्यांचं मत असं पडलं की तपास यंत्रणेनं सर्व्हर ठेवणाऱ्या कंपन्यांना हे करायला लावलं असावं.

पकडलं कसं गेलं? मधल्यानं आपल्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण केलं नाही, एवढ्यावरून. आमच्या कंपनीच्या पोरानं केली तीच चूक त्यानं केली.

आता विचार करा. ती सूचना ज्यांनी बघितली आणि "मुदतच संपलीय, चालतंय, ओके" म्हणून पुढे गेले, त्यांना काय कळलं असतं? काहीच नाही. एकानं थांबून "असं का?" म्हणलं, म्हणून उघड झालं. आमच्या स्क्रीनवर आलेली सूचना आणि त्यांच्या स्क्रीनवर आलेली सूचना दिसायला सारखीच होती. आमच्याकडे कारण आळस निघालं, तिकडे कान लावून बसलेला माणूस निघाला. स्क्रीनकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

फाईल इन्स्टॉल करणं त्याहून वाईट

टिक केल्यानं एका चॅटचं दार उघडं राहतं. फोनमध्ये कुणी दिलेलं सर्टिफिकेट बसवलं तर सह्यांच्या यादीतच एक नवा साहेब बसतो. मग त्याची सही असलेला कुठलाही दाखला, बँकेच्या नावाचा असो की मेलच्या, ब्राऊझर खरा मानू शकतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप अशा बाहेरून बसवलेल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाहीत, हे बरं. पण क्रोम ठेवतं. आणि बँकेची साइट क्रोममध्ये उघडणारे आपल्यात कमी नाहीत.

कझाकस्तानात २०१९ च्या जुलैत सरकारनंच लोकांना असं एक सर्टिफिकेट फोनमध्ये बसवायला सांगितलं. कारण सुरक्षेचं दिलं. त्यानं फेसबुक, गुगलसारख्या साइटवरचं बोलणं मध्येच उघडता येऊ लागलं. ऑगस्टमध्ये गुगल, मोझिला आणि ॲपलनं आपापल्या ब्राऊझरमध्ये ते सर्टिफिकेट बाद ठरवलं. एका देशाच्या सरकारच्या हातात अशी फाईल नको म्हणून एवढ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, आणि आम्ही ती व्हॉट्सॲपवर आली म्हणून बसवून टाकली.

आपल्या देशातही यादीतल्या सहीचा घोळ झालेला आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या अधिकारातून गुगलच्या नावाची परवानगी नसलेली सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. नियंत्रक कार्यालयानं एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली आणि ब्राऊझर कंपन्यांनीही विश्वास काढून घेतला. म्हणजे सही मोठ्या संस्थेची असली तरी तपासणी लागतेच. तपासणीच बंद केली तर राहिलं काय?

मग सूचना येते तरी कशामुळं?

दर वेळी मध्ये चोरच बसलेला असतो असं नाही. खरं तर बहुतेक वेळा कारण साधं असतं, आणि ते काढून टाकता येतं. आपल्याकडे दिसणारी कारणं अशी :

१) घड्याळ चुकलेलं. फोन दोन दिवस बंद पडला, चार्ज केल्यावर तारीख भलतीच दाखवतो. सेवा केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग चांगलं सर्टिफिकेटही त्याला "अजून सुरूच झालं नाही" असं वाटतं. तारीख आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, सेल बदला. काम होतं.

२) फोन किंवा कॉम्प्युटर फार जुना. त्याच्यातली सह्यांची यादी जुनी राहते. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा जगभर जुन्या मशिनींवर चालू साइटही बंद दिसायला लागल्या. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेनं २०२० मध्येच सांगितलं होतं की अँड्रॉइड ७.१ पेक्षा जुने फोन सुमारे एकतृतीयांश आहेत. त्यांच्यासाठी काढलेली तात्पुरती सोयही २०२४ मध्ये संपली. अशा फोनला सिस्टीमचं अपडेट मिळत असेल तर घ्यावं. मिळत नसेल तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार ठेवू नयेत.

३) फुकटचं वायफाय. बसस्टँडवर किंवा लॉजवर आधी त्यांच्या पानावर नंबर टाकावा लागतो. तोवर सगळी ॲप रडतात. सिम कार्डाचं नेट लावून बघा. तिथं सूचना गेली तर भानगड वायफायची आहे.

४) नाव जुळत नाही. पत्ता एक आणि सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं. कधी सर्व्हर बसवणाऱ्याची चूक असते. पण एखादं अक्षर बदललेला बनावट पत्ताही असू शकतो. पत्ता अक्षर अक्षर वाचा.

५) मुदत संपलेली. ही चूक सर्व्हरवाल्याची. ती त्यानंच दुरुस्त करायची. आपल्या फोनवर काहीही करून ती दुरुस्त होत नाही.

६) स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट. लहान कंपन्या, संस्था असं करतात. यात वाईट काही नाही, पण मग ओळख पटवण्याची दुसरी वाट हवी. अशा प्रत्येक सर्टिफिकेटचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. सर्व्हर सांभाळणाऱ्यानं तो ठसा कार्यालयात कागदावर लावून ठेवायचा. आपण स्क्रीनवरचा ठसा त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला तर तेवढं एकच सर्टिफिकेट स्वीकारायचं, सगळी नाही. आणि ठसा चॅटवरच मागवू नका. फोन करा नाहीतर समक्ष जा. ज्या वाटेवर शंका आहे त्याच वाटेनं साक्षीदार बोलावून उपयोग नाही.

कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या स्पार्क नावाच्या एका फुकट चॅट प्रोग्राममध्ये सगळी सर्टिफिकेटं स्वीकारण्याचा पर्याय दिलेलाच आहे. सर्व्हरचं नाव न तपासण्याचाही आहे, आणि त्यापुढे "शिफारस नाही" असं स्वतः बनवणाऱ्यांनीच लिहिलंय. कॉम्प्युटर शिकणाऱ्याला चाचणी करताना असे पर्याय लागतात. वजनपावती आणि खाते नंबर जिथं जातात तिथं ते लावायचे नसतात.

व्हॉट्सॲपवाल्यांनी निवांत राहावं का?

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून संदेशांना दुसरं कुलूप आहे. ते पाठवणाऱ्याच्या फोनवर लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतं. मध्ये कुणी बसला तरी मजकूर वाचता येत नाही. लहान चॅट प्रोग्राममध्ये हे दुसरं कुलूप बऱ्याचदा नसतं किंवा चालू केलेलं नसतं. म्हणजे तिथं सर्टिफिकेट हेच एकमेव कुलूप. आमच्या कंपनीच्या चॅटमध्ये तसंच होतं. सातबारा, आधारचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान, सगळं त्याच्यावर गेलेलं. कुणी मध्ये बसून एका शेतकऱ्याचा खाते नंबर बदलून पुढे पाठवला असता तर हंगामाचे पैसे कुठं गेले असते, याचा विचार करून अजून पोटात गोळा येतो.

सवय लावली कुणी?

लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. "अडाणी आहेत, काहीही दाबतात." पण ही सवय आम्ही घरून आणलेली नाही. डिजिटल सही लागणाऱ्या काही कामांत सही चालावी म्हणून आधी एक पान उघडायचं, तिथं "हे कनेक्शन सुरक्षित नाही" अशी सूचना येते, मग "ॲडव्हान्स्ड" दाबायचं आणि "प्रोसीड" करायचं, हे मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ते पान त्याच कॉम्प्युटरच्या आतलं असतं, त्यामुळं धोका कमी, हे खरं. पण सेवा केंद्रातल्या पोराला एवढाच धडा मिळतो की लाल पान आलं की ॲडव्हान्स्ड, प्रोसीड. मग तोच धडा तो बँकेच्या पानालाही लावतो आणि गिऱ्हाइकालाही शिकवतो.

आता पुढची गोष्ट, ज्यासाठी हे आत्ता लिहितोय. ब्राऊझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की सर्टिफिकेटची मुदत कमी करायची. आधी ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. हेतू चांगला आहे. चोरीला गेलेलं किंवा चुकून दिलेलं सर्टिफिकेट फार दिवस चालू राहू नये.

पण आपल्याकडे याचा परिणाम काय होईल? ज्या संस्थेत वर्षातून एकदा कुणीतरी आठवणीनं नूतनीकरण करायचं, तिथं २०२९ नंतर वर्षातून आठ वेळा करावं लागेल. आठवणीवर हे चालणार नाही. पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती, शाळा, शेतकरी कंपन्या, जिथं एक पोरगा कधीतरी येऊन साइट बघून जातो, तिथं मुदत संपल्याच्या सूचना वाढणार. आणि प्रत्येक सूचनेसोबत कुणीतरी "ओके दाबा, काही होत नाही" असा व्हॉइस मेसेज पाठवणार. शंभर वेळा खोटी हाळी ऐकलेल्या गावात खरा लांडगा आला तर कोण उठणार?

संस्थांनी काय करायला हवं

नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आहे, आणि लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट फुकट मिळतं. तेव्हा पैसे नव्हते हे कारण चालत नाही. संचालक मंडळानं कॉम्प्युटरवाल्याच्या करारात तीन ओळी लिहून घ्याव्यात : नूतनीकरण आपोआप होईल, मुदतीची तारीख कार्यालयात लावलेली असेल, आणि सभासदांना तपासणी बंद करायला कधीही सांगितलं जाणार नाही. आमच्या कंपनीच्या बैठकीत मी हा विषय मांडला. आधी हसले. मग एका संचालकानं स्वतःच्या फोनमध्ये ती फाईल बघितली आणि हसणं थांबलं. ठराव झाला.

आणि आपण?

सूचना आली की आधी घड्याळ बघा, मग वायफाय बंद करून सिमचं नेट लावा. तरी आली तर ज्याची सेवा आहे त्याला फोन करा आणि तोवर थांबा. काम अडलंच तर वजन आणि भाव साध्या कॉलवर सांगा, कागदावर लिहा. खाते नंबर आणि ओटीपी अशा वेळी कुठंही टाकू नका. बँकेच्या पानावर सूचना आली तर पुढे जाऊच नका. रिझर्व्ह बँकेनं बँकांना "डॉट बँक डॉट इन" असा पत्ता घ्यायला लावला आहे, तो बघून घ्या.

आधी कधी फाईल बसवली असेल तर सेटिंगमध्ये सिक्युरिटी, तिथं ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स, आणि त्यात यूजर असा भाग असतो. फोनप्रमाणे नावं थोडी बदलतात. यूजरमध्ये काही दिसलं आणि ते कशासाठी आहे हे ठाऊक नसेल तर काढून टाका. चॅटमधली "सगळी स्वीकारा" ही टिकही काढा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मी पुढे पाठवलेल्या त्या व्हॉइस मेसेजचं काय? चारही ग्रुपवर मी दुसरा मेसेज टाकला, की आधी सांगितलं ते चुकीचं होतं, फाईल अशी अशी काढा. पहिला मेसेज लोकांनी धडाधड पुढे पाठवला होता. दुसरा कुणी फारसा पाठवला नाही. म्हणून इथं लिहिलं. घरी गेल्यावर आधी म्हाताऱ्या आई-वडिलांचा फोन हातात घ्या आणि बघा, यूजरच्या त्या भागात कोण बसलंय.